क्रियापद कुठे बसतं? मुलांचं इंग्रजी आणि आपली मराठी



आज आपण मुलांच्या इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा पाचवी ते आठवीतल्या मुलांच्या आया एक गोष्ट हमखास सांगतात. मराठीचा धडा त्या वाचून घेतात, पाढे म्हणून घेतात. पण पोरानं इंग्रजीचं पुस्तक काढलं, की उठून कामाला लागतात. "आम्हाला त्यातलं काय कळतंय?" असं वर म्हणतात.

आमचं म्हणणं असं, की त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच कळतंय. इंग्रजी शब्द मुलाला शाळेत मिळतात, पुस्तकात मिळतात. पण वाक्य कुणाबद्दल आहे, त्यात काय घडलं, कुणी काही विचारलंय की काम सांगितलंय, हे तुम्हाला बोलायला लागल्यापासून येतं. आणि मुलं अडतात ती बहुतेक इथेच. शब्द पाठ असतात, वाक्य जुळत नाही.

याचं महत्त्व एका इंग्रजीच्या पेपरापुरतं नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आता बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. गणितात "अ फार्मर सोल्ड ट्वेंटी बॅग्ज ऑफ ऑनियन्स" अशी सुरुवात आली, म्हणजे एका शेतकऱ्यानं कांद्याच्या वीस पिशव्या विकल्या, तर तोंडी हिशेबात हुशार असलेली पोरगीसुद्धा कधी कधी थांबते. कुणी काय विकलं हेच लागत नाही, मग पुढचा गुणाकार येत असून उपयोग काय? गुण जातात गणिताचे, पण अडलेलं असतं वाक्यात.

हे भाषण छापताना इंग्रजी वाक्यं कानाला ऐकू येतात तशी आपल्याच अक्षरांत दिली आहेत, म्हणजे गटात कुणीही मोठ्यानं वाचून दाखवू शकेल.

वाघ आणि शेळी

सगळ्यात मोठा फरक आधी समजून घेऊ. तो समजला की बाकीचं सोपं जातं.

"वाघानं शेळीला मारलं." आता शब्द उलटे करा. "शेळीला वाघानं मारलं." अर्थ बदलला का? नाही. मेली शेळीच. कारण "वाघानं" मधला "नं" सांगतो की करणारा हा, आणि "शेळीला" मधला "ला" सांगतो की सोसणारी ही. शब्द कुठेही ठेवा, त्याची खूण त्याच्याबरोबर जाते. गळ्यात घंटा बांधलेली गाय कळपात कुठेही असली तरी ओळखू येते, तसं.

इंग्रजीत अशी घंटा नाही. "द टायगर किल्ड द गोट" म्हणजे वाघानं शेळीला मारलं. आता हेच उलटं करा. "द गोट किल्ड द टायगर." झालं! शेळीनं वाघाला मारलं. शब्द तेच आहेत, एक अक्षर वाढलं नाही की कमी झालं नाही. फक्त जागा बदलली आणि गोष्ट उलटी झाली.

म्हणजे मराठीत जे काम "नं" आणि "ला" करतात, ते इंग्रजीत जागा करते. एवढी एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसली, तर पुढचे निम्मे घोटाळे होणार नाहीत. म्हणून ही वाघ-शेळीची दोन वाक्यं मुलांना घरी नक्की सांगा. मुलं हसतात, आणि हसलेलं लक्षात राहतं.

वाक्याचे तीन भाग

शाळेत आपण शिकलो ते आठवा: कर्ता, कर्म, क्रियापद. हे शब्द आपल्याकडे आजचे नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीचं व्याकरण १८३६ साली छापलं, आणि मराठी शाळांत व्याकरणाचा अभ्यास तेव्हापासून चालत आला. मुलांच्या इंग्रजीच्या तासाला यांनाच दुसरी नावं आहेत. कर्ता म्हणजे सब्जेक्ट, कर्म म्हणजे ऑब्जेक्ट, क्रियापद म्हणजे व्हर्ब. नावं वेगळी, माणसं तीच.

मराठीत यांची सवयीची रांग अशी: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. "आई भाकरी करते." इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं: "मदर मेक्स भाकरी." आई, करते, भाकरी. आपल्या कानाला हे उलटंसुलटं लागतं. मुलाच्याही कानाला लागतं, म्हणून ते लिहितं "मदर भाकरी मेक्स". ते मूल ढ नसतं. ते मराठीत विचार करून शब्द तेवढे इंग्रजी घालतं. त्याला ओरडण्याऐवजी एवढंच विचारा: "अरे, क्रियापद मधल्या घरात आणलंस का?"

मुलांना हे तीन घरांसारखं सांगितलं की पटतं. पहिल्या घरात करणारा. मधल्या घरात काम. तिसऱ्या घरात ज्याच्यावर काम झालं ते. तिसरं घर कधी रिकामं राहतं. "द बेबी स्लीप्स", बाळ झोपतं. इथे कर्म नाहीच. पण पहिली दोन घरं साध्या वाक्यात भरलेलीच हवीत.

या तीन घरांच्या पुढे अंगण आहे. कुठे आणि केव्हा, ते अंगणात बसतं. आपण म्हणतो, "आईनं काल बाजारात भाजी विकली." इंग्रजीत म्हणतात, "मदर सोल्ड व्हेजिटेबल्स इन द मार्केट यस्टरडे." आई, विकली, भाजी, मग बाजारात, मग काल. "काल" हा शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीलाही चालतो. पण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये त्याला घुसू द्यायचं नाही.

याच वाक्यात आणखी एक गंमत बघा. आपण "बाजारात" म्हणतो, "त" मागे लावतो. इंग्रजीत "इन द मार्केट", "इन" पुढे येतो. "झाडाखाली" म्हणजे "अंडर द ट्री". "टेबलावर" म्हणजे "ऑन द टेबल". आपल्याकडे जे शेपटासारखं मागे असतं, ते इंग्रजीत म्होरक्यासारखं पुढे चालतं. मुलानं "ट्री अंडर" लिहिलं तर कारण हेच.

आपल्याकडे गाळलेलं चालतं, इंग्रजीत नाही

आता दोन चुका बघू, ज्या मराठी घरातली मुलं सारख्या करतात. दोन्हीचं मूळ आपल्या मराठीतच आहे.

पहिली चूक. आपण म्हणतो, "माझं नाव सविता." पूर्ण वाक्य झालं, कुणालाही कळलं. "आहे" म्हटलं नाही तरी चालतं. म्हणून मूल लिहितं, "माय नेम सविता." इंग्रजीत तसं चालत नाही. "माय नेम इज सविता." क्रियापद हवंच, मग ते नुसतं "आहे" का असेना. "आहे"साठी इंग्रजीत तीन शब्द आहेत. स्वतःबद्दल बोलताना "आय" बरोबर "अॅम". एकट्या माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल "इज". अनेकांबद्दल, आणि "यू" बरोबर, "आर".

दुसरी चूक. आपण पोरीला विचारतो, "जेवलीस का?" यात "तू" म्हटलेलंच नाही. म्हणायची गरज काय? "जेवलीस" या एका शब्दात तू आलं, मुलगी आली, जेवण होऊन गेलं हेही आलं. आपलं क्रियापद असं भरलेलं असतं. इंग्रजी क्रियापद तसं नसतं. मुलगा गेला काय, मुलगी गेली काय, दोघांनाही "वेंट". म्हणून करणारा कोण ते तिथे वेगळं सांगावं लागतं: "ही वेंट", तो गेला. "शी वेंट", ती गेली. नुसतं "वेंट होम" लिहिलं तर वाचणारा विचारणार, कोण?

इंग्रजीला या पहिल्या घराची एवढी सवय आहे, की सांगण्यासारखा करणारा नसला तरी तिथे एक शब्द आणून बसवतात. "पाऊस पडतोय" याला म्हणतात "इट इज रेनिंग". यातलं "इट" कोण? कुणी नाही. पण घर रिकामं ठेवायचं नाही, म्हणून ते बसलंय.

इथेच त्या "एस" चंही सांगून टाकू, कारण पाचवी-सहावीत त्याच्यावर लाल शाई फार पडते. रोजच्या, नेहमीच्या गोष्टीबद्दल बोलताना, करणारा एकटा असेल तर क्रियापदाला "एस" लागतो: "द काउ ईट्स ग्रास", गाय गवत खाते. गाई अनेक असतील तर "एस" गाईला जातो आणि क्रियापद मोकळं होतं: "द काउज ईट ग्रास". साध्या वाक्यात एस बहुधा एकाच ठिकाणी सापडतो, गाईपाशी नाही तर खाण्यापाशी. "आय" आणि "यू" बरोबर मात्र क्रियापदाला एस लावत नाहीत.

वाक्यांचे चार प्रकार

आता वाक्यांचे प्रकार. पुस्तकात नावं अवघड असतात, पण चारही प्रकार आपण सकाळी चहा होईपर्यंत बोलून झालेलो असतो.

"दूध नासलं." हे सांगणं झालं. याला विधानार्थी वाक्य म्हणतात, इंग्रजीत असर्टिव्ह. शेवटी टिंब येतं, त्याला फुलस्टॉप म्हणतात. आतापर्यंत पाहिलेली बहुतेक वाक्यं याच प्रकारची होती.

"दूध तापवलंस का?" हे विचारणं. प्रश्नार्थी वाक्य, इंग्रजीत इंटरॉगेटिव्ह. शेवटी प्रश्नचिन्ह.

"दूध उतरव." हे काम सांगणं. आज्ञार्थी, म्हणजे इम्परेटिव्ह. शेवटी बहुधा टिंबच.

"अगं बाई, केवढं दूध सांडलं!" हे मनातलं एकदम बाहेर येणं. उद्गारार्थी, म्हणजे एक्सक्लमेटरी. शेवटी उद्गारचिन्ह.

यातल्या प्रश्नार्थी वाक्याशी मुलं जास्त झगडतात, तिथे आपणही जरा थांबू.

मराठीत प्रश्न करायला काय लागतं? वाक्य आहे तसं ठेवायचं आणि शेवटी "का" लावायचा. "ती नर्स आहे." "ती नर्स आहे का?" इंग्रजीत "का" साठी वेगळा शब्द नाही. तिथे पुन्हा जागाच काम करते. "शी इज अ नर्स", ती नर्स आहे. यातला "इज" उचलून पुढे आणायचा: "इज शी अ नर्स?" झाला प्रश्न.

पण ज्या वाक्यात "इज", "आर", "कॅन" असा पुढे आणण्याजोगा शब्द नसेल, तिथे काय करायचं? तिथे एक मदतनीस बोलवायचा, "डू". "यू लाइक टी", तुला चहा आवडतो. प्रश्न: "डू यू लाइक टी?" आणि "शी लाइक्स टी", तिला चहा आवडतो, याचा प्रश्न: "डज शी लाइक टी?" नीट ऐका. "लाइक्स" चा "एस" गेला कुठे? तो मदतनिसानं घेतला. "डू" चं "डज" झालं आणि "लाइक" मोकळं झालं. डोक्यावरची पाटी एकीनं घेतली की दुसरीचं डोकं रिकामं. दोघींच्या डोक्यावर एकच पाटी कशी असेल? म्हणून "डज शी लाइक्स टी" चूक. झालेल्या गोष्टीतही तसंच. "ही वेंट", तो गेला. प्रश्न: "डिड ही गो?" गेल्याचं ओझं "डिड" नं घेतलं, म्हणून "वेंट" चं परत "गो" झालं.

"नाही" म्हणतानाही हाच मदतनीस येतो. आपलं "नाही" बहुतेक शेवटी, इंग्रजीतलं "नॉट" मदतनिसाच्या लगेच मागे: "शी डज नॉट लाइक टी." आणि वाक्यात "इज" असेल तर त्याच्याच मागे: "शी इज नॉट अ नर्स."

प्रश्नाचा दुसरा प्रकार म्हणजे काय, कुठे, केव्हा, का, कोण, कसं. इंग्रजीत व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, हाउ. आपण म्हणतो "तू कुठे जातेस?" यात "कुठे" मध्ये आहे. इंग्रजीत प्रश्नाचा शब्द सगळ्यांच्या पुढे: "व्हेअर आर यू गोइंग?"

एक गंमत तुमच्या लक्षात आली का बघा. "तू बाजारात जातेस का?" आणि "तू बाजारात का जातेस?" शब्द तेच, "का" ची जागा बदलली. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचं उत्तर कारण. म्हणजे जागेमुळे अर्थ बदलणं आपल्यालाही परकं नाही. मूल जेव्हा म्हणेल "इंग्रजीत असं कसं?", तेव्हा त्याला ही दोन वाक्यं म्हणून दाखवा.

घरात सांडलेली आज्ञार्थी वाक्यं

आज्ञार्थी वाक्य सगळ्यात सोपं, कारण ते क्रियापदानंच सुरू होतं. "क्लोज द डोअर", दार लाव. करणारा तू, म्हणजे "यू", पण तो लपलेला. पहिलं घर रिकामं ठेवायला इथेच परवानगी आहे.

आपण "बस" आणि "बसा" असा फरक करतो. लहानाला बस, मोठ्याला बसा. इंग्रजीत दोघांनाही "सिट". "तू" आणि "तुम्ही" दोघांनाही "यू". म्हणून पोरगं सरांना "यू" म्हणालं तर तो उद्धटपणा नव्हे. अदब दाखवायला इंग्रजीत "प्लीज" लावतात: "प्लीज सिट डाउन." आपल्या "बसा" मधला "आ" जे करतो, ते बरंचसं तिथे "प्लीज" करतं.

ही वाक्यं शोधायला पुस्तकच लागतं असं नाही. औषधाची बाटली बघा: "शेक वेल बिफोर यूज", घेण्याआधी चांगली हलवा. औषधांवर आणि फवारणीच्या डब्यांवर असतं: "कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन", मुलांच्या हाताला लागू देऊ नका. बँकेच्या काचेच्या दारावर "पुश" म्हणजे ढकला, "पुल" म्हणजे ओढा. मोबाइलवर बँकेचा संदेश येतो: "डू नॉट शेअर युवर ओटीपी", तुमचा ओटीपी कुणाला सांगू नका. हे "डू नॉट" म्हणजे आपलं "नको", "नका". ते मुलाकडून वाचून घ्या. त्याचा अभ्यास होईल आणि आपलं घर सांभाळलं जाईल.

प्रश्नपत्रिकाही याच वाक्यांनी भरलेली असते. "आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स", पुढील प्रश्नांची उत्तरं द्या. "फिल इन द ब्लँक्स", गाळलेल्या जागा भरा. "मॅच द पेअर्स", जोड्या लावा. प्रत्येक सूचनेतला पहिला शब्द म्हणजे करायचं काम. तो पहिला शब्द ओळखायची सवय लागली, तर येत असलेला प्रश्न सूचना न कळल्यामुळे सुटणार नाही.

उद्गारार्थी वाक्याबद्दल थोडंच सांगतो. ते "व्हॉट" किंवा "हाउ" नं सुरू होतं. "व्हॉट अ बिग मँगो!", केवढा मोठा आंबा! वस्तूचं नाव घेतलं तर "व्हॉट". नुसता गुण सांगितला तर "हाउ": "हाउ स्वीट!", किती गोड!

वही कशी बघायची

आता कामाचं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नसलं तरी मुलाची वही बघता येते.

पहिलं, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं आहे का? आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे मुलं हे विसरतात. माणसाच्या आणि गावाच्या नावाचं पहिलं अक्षरही मोठंच हवं.

दुसरं, वाक्याच्या शेवटी खूण आहे का? टिंब, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह. ही तिन्ही चिन्हं मराठीतलीच आहेत, ती तुम्हाला ओळखता येतात.

तिसरं, मुलाला म्हणा, "करणाऱ्यावर बोट ठेव. आता कामावर ठेव." दोन्ही सापडली तर वाक्य उभं राहिलं. काम सापडलं नाही, तर "इज" किंवा "आर" गळलंय का ते त्यालाच शोधू दे.

चौथं, वाक्य मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावा. अर्थ सांगता आला नाही, तर ते नुसतं उतरवून काढलंय.

गटात करायला एक खेळही आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापा. एकीवर "मदर", एकीवर "मेक्स", एकीवर "टी", असे एकेक शब्द मुलांकडून लिहून घ्या. करणाऱ्याच्या पट्ट्या वेगळ्या, कामाच्या वेगळ्या, वस्तूंच्या वेगळ्या. तीन मुलं एकेक पट्टी घेऊन ओळीत उभी राहतील. बाकीच्यांनी सांगायचं, रांग बरोबर की चूक. मग वाघ आणि शेळीला जागा बदलायला लावा. नंतर "डज" ची पट्टी घेऊन चौथं मूल पुढे येईल आणि "मेक्स" वाल्याला आपला एस झाकावा लागेल. उभं राहून, जागा बदलून शिकलेलं मुलं लवकर विसरत नाहीत.

यात एक पथ्य पाळा. मूल चुकलं तर सगळ्यांसमोर हसू नका. वाक्य जुळवताना मूल मराठीचा आधार घेतं. तो आधार चांगलाच आहे, त्याला फक्त जागा कुठे बदलते ते दाखवायचं. आणि जिथे तुम्हीही अडाल, तिथे वहीवर खूण करा आणि मुलाला दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारायला पाठवा.

या आठवड्यात रोज एक वाक्य घ्या. रात्री जेवताना मराठीतलं एक वाक्य तुम्ही सांगा, घरातलंच, शेतातलंच. मूल त्याचं इंग्रजी करेल. तुम्ही विचारा: कोण? काय करतो? क्रियापद कुठे बसवलंस? तुमच्या गटातल्या मुलांनी केलेली वाक्यं आम्हाला जरूर कळवा, त्यातली काही आपण कार्यक्रमात मुलांच्याच आवाजात ऐकू.